‘सावकाश’ नव्या यंत्रावर नेताना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच. बाकीचा पाठ सुटल्यावर पोचता करीन.) तुझी तब्येत कशी आहे? बीपीची गोळी वेळेवर घेतेस, की लेकीसमोर तोंडात टाकून मागाहून बेसिनमध्ये थुंकतेस? मला तुझी सगळी कर्तबगारी माहीत आहे, माझ्यापुढे साळसूदपणा नको. लेक, जावई मजेत असतील. इकडे आम्हीही ठीक. ही माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तीही ठीक आहे. ज्या दिवशी ती चिडायची थांबेल त्या दिवशी मी डॉक्टरला फोन करीन.

आता तू म्हणशील, फोन हातात असताना या माणसाला कागद काळे करायची हौस कुठून आली. अगं, तुझ्या फोनला एक विलक्षण रोग जडला आहे. थिएटर हा शब्द उच्चारला की त्याची रेंज जाते. गेले आठ महिने मी पाहतो आहे. भाजीवर बोला, जावयाच्या बढतीवर बोला, माझ्या पाठीवर तर तासभर बोला, आवाज खणखणीत. आणि मी नुसतं ‘काल थिएटरमध्ये’ म्हटलं की ‘हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही रे’. पत्राला रेंज लागत नाही. शिवाय हातात आलेला कुठलाही कागद, मग ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी का असेना, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय टाकायचा नाही ही तुझी जन्माची सवय. तिचा मी निर्लज्जपणे फायदा घेतो आहे. तर विषय थिएटरचा आहे. चष्मा काढलास ना? घाल परत.

झालं असं. भाऊजी गेल्यावर व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं आणि लाइटरूममधलं ते जुनं यंत्र दाखवलं, ज्याच्यावर भाऊजींची ‘सावकाश’ चालते. (तुला आठवतं ना, त्यांनी आपल्या भाषेला हे नाव दिलं तेव्हा मी हसलो होतो? जगातले सगळे लोक आपली प्रोग्रॅमिंगची भाषा किती वेगवान आहे हे सांगत सुटतात, आणि हा गृहस्थ नावातच कबूल करून मोकळा.) यंत्राचा पंखा खोकत होता, आणि आतून मधूनच असा आवाज येत होता की जणू कोणी सुपारी फोडतं आहे. व्यवस्थापक म्हणाले, सुटे भाग मिळत नाहीत, नवं यंत्र मागवलं आहे. नव्या नाटकाच्या शुभारंभापर्यंत ‘सावकाश’ त्याच्यावर चालली तर उत्तम. नाही तर बाजारात तयार मिळणारी लाइटची पेटी आणू, आणि भाऊजींचं सगळं भंगारात. हे त्यांनी वाईट वाटून सांगितलं, माणूस वाईट नाही. मी तुला फोन केला, तू ‘जाऊ दे रे’ म्हणालीस आणि रेंज गेली. मी मात्र तिथल्या तिथे ठरवलं की भाऊजींनी लिहिलेलं, सुरू केलेलं, जे जे म्हणून त्या यंत्रात आहे ते सगळं नव्या यंत्रावर न्यायचं. एक अक्षर मागे ठेवायचं नाही. आता ठरवणारा कोण, तर आयुष्यभर पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहिलेला माणूस. माझ्या प्रोग्रॅमांनी आजवर केलेला सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे एका शिपायाला चुकून दोनदा निवृत्त केलं.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे माझे हाल तुला नीट कळतील. ‘सावकाश’मध्ये प्रत्येक दिव्याचं स्वतःचं एक छोटं काम असतं: हळूहळू उजळ, थांब, मग मंद हो, थांब, मग विझ. ते ‘थांब’ म्हणजे सगळी गंमत. एक दिवा ‘थांब’ला आला की तो हातातलं सगळं तसंच बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याला पाळी देतो; पुन्हा आपली पाळी आली की जिथे सोडलं होतं त्याच जागेवरून, हातात तेच घेऊन, पुढे चालू. पहिल्यापासून सुरुवात नाही. याला आमच्या धंद्यात कोरूटीन म्हणतात. तुला समजावून सांगायची गरजच नाही, कारण तू एका कोरूटीनशी संसार केलास. जेवता जेवता भाऊजी म्हणायचे ‘त्याचं काय आहे’, आणि उठून गळका नळ दुरुस्त करायला जायचे. मग पेपर वाचायचे, एक डुलकी काढायचे, आणि चहाच्या वेळी एकदम म्हणायचे ‘की तो मुळात ऐकूनच घेत नाही’. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. तो कोण, काय ऐकत नाही, काही पत्ता नाही. आणि तू चहा गाळता गाळता मागे न बघता म्हणायचीस, ‘मग त्याला लिहून द्या ना.’

तर मी सगळा मजकूर नव्या यंत्रावर उतरवला. मला वाटलं, एक दुपार लागेल. जवळजवळ सगळा उतरलाही. फक्त चाळीसेक ओळींशी घोडं अडलं. त्या ओळी जुन्या प्रोसेसरच्या अगदी आतल्या बोलीत लिहिलेल्या होत्या, कारण हातातलं बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्याचं उचलायचं हा खेळ त्या पातळीवरच खेळावा लागतो, आणि दर प्रोसेसरची बोली निराळी. नव्याला त्यातलं ओ की ठो कळेना. आणि त्या ओळींच्या डोक्यावर भाऊजींनी सूचना लिहून ठेवली होती: ‘इथे हात लावण्याआधी मला विचारा.’ ताई, मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. कुठे विचारू सांग. मग नाक पुसलं आणि त्या ओळींना वळसा घालून जाता येतं का ते बघायला लागलो.

पहिला वळसा असा की ही अदलाबदल करून देणारी एक तयार सोय यंत्राच्या सिस्टिममध्येच असते, असं मी कॉलेजात शिकलो होतो. शोधली. नव्या यंत्रात तिचं नाव होतं, दार होतं, दार वाजवलं तर आत कोणी नाही. ‘ही सोय आता उपलब्ध नाही’ एवढं सांगून परत पाठवलं. सरकारी कचेरीतसुद्धा निदान उद्या या म्हणतात. दुसरा वळसा म्हणजे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र थ्रेड, म्हणजे ज्याचा त्याचा संसार वेगळा, पाळी वगैरे भानगड नाही. हा माझ्या डोक्यातून निघालेला सर्वांत मूर्ख विचार होता. (शिपायाच्या दुसऱ्या निवृत्तीनंतरचा.) तालमीत पडदा उघडला आणि सगळे दिवे एकदम बोलायला लागले. जो आधी विझायचा तो मागाहून विझला, दोन दिवे एकाच वेळी एकाच बटणाला झोंबले, आणि नवं कोरं यंत्र असं धापा टाकायला लागलं की वायरमन पाणी घेऊन धावला. यंत्राला पाणी, ताई! मी त्याच्या हातातून पेला काढून घेतला आणि स्वतः प्यायलो. भाऊजींचा सगळा स्वभाव त्या पाळीपाळीत होता. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडलेलं त्यांना कधी खपलं नाही. ते काढून टाकून उरलेलं वाचवण्यात काय अर्थ होता!

मग तिसरा प्रकार केला. दिव्याच्या हातातलं सगळं सामान, त्याला आम्ही स्टॅक म्हणतो, जागा कमी पडली की उचलून दुसऱ्या मोठ्या जागी ठेवायचं. सामान पोचलं, एकही वस्तू हरवली नाही, तरी सगळं कोसळलं. का? तर त्या सामानातच पत्ते होते, आणि ते जुन्या जागेचे. तू लेकीकडे राहायला गेलीस तेव्हा कितीतरी दिवस अंधारात दिव्याचं बटण डाव्या भिंतीवर शोधायचीस, आणि तिथे जावयाचे शर्ट टांगलेले असायचे, तसं. नायिकेचा म्हणून सोडलेला झोत जुना पत्ता हुडकत गेला आणि विंगेत बसून निवांत नखं कापणाऱ्या प्रॉम्प्टरवर पडला. प्रॉम्प्टर इतका दचकला की त्याने पुढच्या अंकातलं वाक्य दिलं, आणि आमच्या गुणी नायिकेने ते म्हटलंही.

शेवटी वळसे संपले. त्या चाळीस ओळींना हात लावणं भाग होतं. जुन्या मी तशाच ठेवल्या (पुसायची माझी छाती नाही), आणि शेजारी नव्या प्रोसेसरच्या बोलीत माझ्या लिहिल्या. त्यांच्यावर मीही एक सूचना लिहिली: ‘विचारलं होतं. उत्तर आलं नाही.’ मग ती माझी मलाच वाचवेना, म्हणून खोडली. चालवून बघितलं तर पहिल्या ‘थांब’लाच यंत्र आडवं. पुन्हा चालवलं, पुन्हा आडवं. चार-पाच दिवस नाकी नऊ आल्यावर कळलं की नव्या साहेबांना स्टॅकचा पत्ता सोळाच्या पाढ्यातलाच लागतो. पाढ्याबाहेर पाऊल पडलं की रागावणं नाही, समजावणं नाही, सरळ प्राण सोडायचे. जुना प्रोसेसर असल्या गोष्टी मुकाट चालवून घ्यायचा. म्हणजे भाऊजींना हे कधी भेटलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना विचारता आलं असतं तरी त्यांनी डोकंच खाजवलं असतं. हे लक्षात आल्यावर मला, का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

त्यानंतर दिवे चालायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच नाटकातल्या म्हाताऱ्याच्या मरणाचा प्रवेश आला. म्हातारा खाटेवर अखेरचे श्वास घेतो आणि त्याच्यावरचा दिवा अगदी हळूहळू मंद होत जातो, असा तो प्रवेश. झालं उलटंच. म्हातारा जसजसा कण्हायला लागला तसतसा दिवा उजळत गेला, आणि त्याने मान टाकली तेव्हा खाटेवर लख्ख सूर्य उगवला होता. कारण ऐक. मंद होताना दिवा अपूर्णांकात मोजतो, आणि प्रोसेसरमध्ये अपूर्णांक ठेवायचे कप्पे वेगळे असतात. पाळी बदलताना मी बाकीचे कप्पे इमानेइतबारे जपले आणि हे विसरलो. मग मरणाचा दिवा परत येऊन कप्प्यात बघतो तर तिथे शेजारच्या पहाटेच्या दिव्याचा आकडा! त्याला काय कळणार, तो आपला उजळत सुटला. तीन तालमी हे असं चाललं. शेवटी म्हातारं काम करणारे ते बुजुर्ग नट खाटेवर उठून बसले आणि वर लाइटरूमकडे हात जोडून म्हणाले, ‘अहो, मरू तरी द्या नीट!’ दिग्दर्शकबाईंना मात्र ते इतकं आवडलं की त्यांनी ‘मृत्यू म्हणजे पहाट’ असं काहीसं टिपून घेतलं, आणि मी चूक दुरुस्त केल्यावर माझ्यावरच रुसल्या.

दुरुस्त झालं, ताई. परवा दुपारी अख्खी तालीम पडद्यापासून पडद्यापर्यंत नव्या यंत्रावर झाली. एकही दिवा अडखळला नाही. तो मरणाचा प्रवेश आला आणि दिवा असा विझत गेला, असा सावकाश, की कुठल्या क्षणी विझला ते डोळ्यांना सांगता येऊ नये. भाऊजींचा हात होता तो. लाइटरूममध्ये मी एकटा होतो, त्यांच्या खुर्चीत, आणि चांगला हमसून हमसून रडलो. वायरमन डोकावला, त्याला वाटलं पुन्हा बिघडलं; तो जिना उतरून व्यवस्थापकांना घेऊन आला, ते दिग्दर्शकबाईंना घेऊन आले, आणि माझ्या रडण्याला एकूण तीन प्रेक्षक लाभले. मला फार आठवण येते गं त्यांची. तुला येतेच, ते मला ठाऊक आहे, पण तू मला बोलू देत नाहीस आणि घरात दुसऱ्या कोणाजवळ हे बोलायचं तेही कळत नाही.

असो. तर ‘सावकाश’ वाचली. व्यवस्थापकांनी लेखी कळवलं की तीच चालू ठेवू. येत्या रविवारी जुनं यंत्र कायमचं बंद करणार आहेत. तुला यायची काही आवश्यकता नाही, प्रवास उगाच दगदगीचा, आणि इथे बघण्यासारखं तरी काय आहे, एक वायर काढतील आणि दुसरी लावतील. ही तुला नमस्कार सांगते आणि मला चिडून हाक मारते आहे. लेकीला व जावयांना आशीर्वाद. गोळी गिळत जा.

तुझा,
पाठ धरलेला भाऊ

ता. क. माझी काळी छत्री तुझ्याकडे राहिली आहे, ती जावई वापरतात हे मला फोटोत दिसलं. वापरू देत.

आणखी एक. वर मी लिहिलं की सगळं नेलं. ते संपूर्ण खरं नाही, एक गोष्ट राहिली. भाषा नेता येते, तिच्यात लिहिलेलं कामही नेता येतं आणि नव्या यंत्रावर पहिल्यापासून सुरू करता येतं. पण जे काम सुरू होऊन मधल्याच ‘थांब’वर उभं आहे, ते तसं उभंच्या उभं नेता येत नाही. त्याच्या हातातलं सगळं जुन्या यंत्राच्या पत्त्यांचं, जुन्या कप्प्यांचं. मी सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. यंत्र बंद केलं की ते तिथेच संपतं. काल मी जुन्या यंत्रात काय काय अजून चालू आहे ते बघितलं. सगळी कामं पुरी झालेली होती. एकच मध्ये थांबलेलं आहे. ते शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या दिव्याचं. प्रयोग संपला की भाऊजी तो लावायचे, म्हणजे तुला कळायचं की आवरतो आहे, आलोच. त्या दिवशीही त्यांनी तो लावला, तू खाली बसलेली होतीस, आणि मग दारवान तुला बोलवायला आला. ताई, तो दिवा अजून लागलेला आहे. त्याची वायर त्यांनी वेगळी, थेट जुन्या यंत्रातून घेतली होती, आणि ते यंत्र कधी बंद करायचं नाही हा त्यांचाच नियम, म्हणून कोणी केलंच नाही. वायरमनला वाटलं दिवा अडकला आहे, त्याने वर काळी पट्टी चिकटवली. पट्टी मी काढली. काम बिघडलेलं नाही. ते फक्त वरून एक बटण दाबलं जायची वाट बघत उभं आहे.

हे शेवटचं. बटण दाबल्यावर पुढे काय व्हायचं ते मी वाचून काढलं. दिवा हळूहळू मंद होतो, आणि शेवटच्या रांगेपासून दारापर्यंत पायऱ्यांवरचे दिवे एकामागून एक लागत जातात. तू मला ऐटीत सांगायचीस, गुडघा दुखत असला तरी मी त्या दिव्यांच्या बरोबरीने खाली उतरते, एक पायरी मागे पडत नाही. ताई, प्रत्येक पायरीनंतर तिथे एक ‘थांब’ आहे, आणि ते थांबणं त्यांनी दर वर्ष-दोन वर्षांनी थोडं थोडं वाढवत नेलेलं आहे. शेजारी टीप आहे: ‘घाई नको, तिचा गुडघा.’ रविवारी संध्याकाळपर्यंत मी यंत्राला कोणाला हात लावू देत नाही. तू ये. खाली आपल्या खुर्चीवर बैस, वरून बटण मी दाबतो, आणि तू सावकाश उतर. मी काल दोनदा बोट नेलं होतं, पण खाली खुर्चीत तू नसताना दाबवेना.